रसग्रहणात न मावणारे खलाशी

कोकणातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मुलांना अभिजात इंग्रजी साहित्य शिकवते, असे सांगितले की ऐकणारा बहुधा सहानुभूतीने मान हलवतो. घरी मालवणी, वर्गात प्रमाण मराठी आणि पुस्तकात शंभर ते चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रजी, एवढे अंतर ओलांडून ही मुले शेक्सपिअरपर्यंत कशी पोहोचणार, हा त्या सहानुभूतीमागचा प्रश्न असतो. भाषा अवघड जाते हे खरेच आहे. शब्दकोश घेऊन बसावे लागते, एकेका वाक्याचा अन्वय फळ्यावर मांडावा लागतो, आणि तरीही काही मुले मागे राहतात. मात्र पुरेसा वेळ दिला तर हा अडथळा पार करता येतो, असे माझे मत आहे. त्याहून मोठा अडथळा परीक्षेने आणि गाइडने मिळून उभा केला आहे, तो म्हणजे प्रत्येक कलाकृतीतून एक बोध काढायचा, तो चार ओळींत लिहायचा आणि मोकळे व्हायचे, ही सवय. अभिजात साहित्य टिकते ते त्या बोधात न मावणाऱ्या गोष्टींच्या बळावर, आणि वर्गात वेळ द्यायला हवा तो त्याच गोष्टींना.

बारावीच्या इंग्रजी युवकभारतीत रॉबर्ट साउदीची ‘द इंचकेप रॉक’ ही कविता आहे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आरब्रोथ नावाचे गाव आहे. ॲबरब्रोथॉक हे त्याचे जुने नाव. तेथून सुमारे १८ किलोमीटर अंतरावर भर समुद्रात एक खडक आहे, भरतीच्या वेळी तो पूर्ण पाण्याखाली जातो आणि म्हणूनच जहाजांना घातक ठरतो. तिथल्या मठाधिपतीने खलाशांना इशारा मिळावा म्हणून त्या खडकापाशी तरंगती घंटा बसवली होती, अशी दंतकथा आहे. साउदीच्या कवितेत राल्फ नावाचा समुद्री लुटारू निव्वळ त्या मठाधिपतीला छळावे म्हणून ही घंटा कापून टाकतो, समुद्रावर लूट करत श्रीमंत होतो आणि परत येताना दाट धुक्यात त्याचे जहाज त्याच खडकावर आपटून बुडते. कविता लिहिली गेली तेव्हा तिथे दीपगृह नव्हते. ते १८०७ ते १८१० या काळात रॉबर्ट स्टीव्हन्सन या अभियंत्याच्या देखरेखीखाली बांधले गेले आणि १८११च्या फेब्रुवारीत त्याचा दिवा लागला. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा आर. एल. स्टीव्हन्सन हा याच अभियंत्याचा नातू, हे सांगितले की विज्ञान शाखेची मुले जरा सावरून बसतात.

हा भूगोल आमच्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. निवतीच्या समोर भर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचा खडकांचा पुंजका आहे, त्यावर दीपगृह आहे आणि तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, हे वर्गातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असते. कविता शिकवायची वेळही अनुकूल पडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, होड्या किनाऱ्यावर झापांखाली असतात, आणि एरवी पहाटे समुद्रावर जाऊन मग वर्गात पेंगणारी मुले त्या दिवसांत जागी असतात. अशाच एका मुलाने कवितेच्या सुरुवातीच्या कडव्यांबद्दल जे सांगितले ते मला कोणत्याही टीपेत सापडले नव्हते. पहिल्या दोन कडव्यांत वारा नाही, समुद्र हलत नाही, जहाज स्थिर आहे, आणि लाटा खडकावरून इतक्या हळू वाहतात की घंटासुद्धा वाजत नाही. गाइडमध्ये याला ‘शांत वातावरणाचे सुंदर वर्णन’ म्हटलेले असते. मुलगा म्हणाला की खडकावर लाट फुटली तर फेस दिसतो आणि खडक कळतो. पाणी सपाट असले की तो कळतच नाही, तेव्हा धोका अधिक. म्हणजे कवितेच्या पहिल्याच ओळींत खडकही लपलेला आहे आणि घंटाही मुकी आहे. पुढे जे घडणार आहे त्याची तयारी त्या सुंदर वर्णनातच करून ठेवलेली आहे, हे मुलांच्या ध्यानात आले की मग ती प्रत्येक कडव्यात काय ऐकू येते आणि काय येत नाही याकडे लक्ष देऊ लागतात.

म्हणूनच मी ही कविता आधी मोठ्याने वाचून घेते, अर्थ नंतर. ‘नो स्टर इन द एअर, नो स्टर इन द सी’ ही ओळ म्हणताना चार ठिकाणी आघात पडतो आणि प्रत्येक ओळीत तो तसाच पडत जातो. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजने ऐकत वाढलेल्या मुलांना हा ठेका पकडायला फार तर दोन कडवी लागतात. यमके जोडीने येतात हे त्यांना कानानेच समजते, नाव मागाहून दिले तरी चालते. सतरा कडवी एका दमात वाचून झाली की गोष्ट जवळजवळ सगळ्यांना कळलेली असते. ओळीगणिक मराठी अर्थ सांगत जाण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि तिच्यामागची कळकळ मला समजते, पण तिच्यात मुले इंग्रजी ओळ ऐकून सोडून देतात आणि मराठी वाक्याची वाट पाहत बसतात. कविता त्या दोन्हींच्या मधल्या फटीत हरवते.

खरा पेच सातव्या कडव्यात आहे. राल्फ घंटा कापतो तो दिवस स्वच्छ उन्हाचा आहे, वसंताचा आहे. तो शीळ घालतो आहे, गातो आहे, अतिशय आनंदात आहे, आणि त्या आनंदालाच साउदी दुष्टपणा म्हणतो. ‘राल्फने घंटा का कापली’ या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर ‘मठाधिपतीच्या मत्सरामुळे’ असे असते. ते चूक नाही, त्या मत्सराला कवितेत आधार आहे. पण एका मुलीने विचारले, “पण मॅडम, खुशीत असान तो असा कित्याक करता?” त्या प्रश्नावर आमची सबंध तासिका गेली. रागाने केलेली नासधूस मुलांना समजते, भुकेपोटी केलेली चोरीही समजते. हवा छान आहे, हाती काही काम नाही, म्हणून दुसऱ्याने बांधलेले काही मोडून टाकावे, हे समजायला अवघड असते, आणि तरी प्रत्येकाने ते कुठे ना कुठे पाहिलेले असते. एसटी थांब्याच्या फोडलेल्या काचांपासून नळपाणी योजनेच्या तोडलेल्या तोट्यांपर्यंत उदाहरणे निघाली. मी ती थांबवली नाहीत, मात्र दर वेळी पुन्हा कडव्याकडे वळवले, कारण उदाहरणांची यादी वाढत जाते आणि कविता बाजूला पडते, हा धोका अशा चर्चेत नेहमीच असतो.

शेवटाकडे, धुक्यात, राल्फचाच एक खलाशी म्हणतो की आपण कुठे आहोत ते कळत नाही, इंचकेपची घंटा ऐकू आली असती तर बरे झाले असते. या ओळीपाशी मी दर वर्षी थांबते. घंटा कापायला जी होडी खाली सोडली होती ती वल्हवणारे हेच लोक होते. त्यांनी आज्ञा पाळली. आता जहाज आपटते आणि सगळेच बुडतात. कविता मात्र पुढच्या दोन कडव्यांत फक्त राल्फकडे पाहते, त्याने केस उपटले, स्वतःला शाप दिला, आणि मरताना त्याला पाण्याखालून तीच घंटा सैतान वाजवत असल्याचा भास झाला. खलाशांचे काय झाले याबद्दल एक अक्षर नाही. “तांडेलान केल्यान, पण खलाशी कित्याक मेले?” हा प्रश्न आमच्याकडे कोणी ना कोणी विचारतोच, कारण ट्रॉलरवर मालक कोण, होडीचा प्रमुख असलेला तांडेल कोण आणि रोजावर जाणारे खलाशी कोण, हे इथल्या मुलांना घरात बसून माहीत असते. ‘करावे तसे भरावे’ हा बोध या प्रश्नापुढे टिकत नाही. ज्याने केले त्याने भरलेच, पण ज्यांनी फक्त वल्ही मारली त्यांनीही तेवढेच भरले.

बारावीच्या लेखी परीक्षेच्या ८० गुणांपैकी १४ कवितांना आहेत आणि त्यांतले ४ रसग्रहणाला. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात: कवी आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, शैली आणि अलंकार, प्रेरणादायी संदेश, आणि शेवटी स्वतःचे मत. माझी तक्रार चौथ्या मुद्द्याबद्दल आहे. प्रत्येक कवितेत प्रेरणादायी संदेश असलाच पाहिजे असे मुलांच्या मनावर एकदा ठसले की ती संदेश शोधण्यापुरतीच कविता वाचतात, आणि साउदीपासून दिलीप चित्रे यांच्या ‘फादर रिटर्निंग होम’पर्यंत सगळ्यांची उत्तरे एकाच साच्यातून निघतात. लोकलमधून उशिरा घरी येणाऱ्या, मुलांशी बोलणे तुटलेल्या त्या एकाकी बापाच्या कवितेखाली ‘आपण वडीलधाऱ्यांचा आदर केला पाहिजे’ असे लिहिलेले उत्तर तपासताना गुण द्यावे लागतात, कारण मुद्दा उपस्थित असतो. मुलांना मी इतकेच सांगते की पाचवा मुद्दा तुमचा आहे. खलाशांबद्दल जे वाटले ते तिथे लिहा, दोनच वाक्ये लिहा, पण स्वतःची लिहा. परीक्षेशी भांडून मुलांचे गुण घालवायचा मला अधिकार नाही.

अकरावीच्या पुस्तकात नाटकांचा विभाग आहे आणि त्यात शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ आहे. सिंधुदुर्गात शेक्सपिअर शिकवणाऱ्याला दशावताराचा जेवढा उपयोग होतो तेवढा मुंबईतल्या एखाद्या सुसज्ज प्रेक्षागृहाचाही होणार नाही. देवळाच्या आवारात जत्रेच्या रात्री उभा राहणारा खेळ, देखाव्यांशिवायचा; एक बाकडे मांडले की तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत; स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या; पेटी, पखवाज आणि झांज यांची साथ. शेक्सपिअरच्या काळातल्या लंडनच्या नाट्यगृहांत दिवसाउजेडी प्रयोग होत, रंगमंच बहुतांशी मोकळा असे आणि स्त्रीपात्रे मुलगे रंगवत. रात्र आहे, अरण्य आहे, चंद्र उगवला आहे हे सगळे पात्रांनी बोलून सांगायचे. ‘इतका वेळ चंद्राबद्दल का बोलतात’ असा प्रश्न शहरातल्या मुलांना पडत असेल. आमच्या मुलांना तो पडत नाही, कारण राजाने ‘प्रधानजी, आपण घोर अरण्यात आलो’ असे म्हटले की अरण्य आले, हा करार त्यांनी लहानपणीच मान्य केलेला असतो.

या नाटकात अथेन्समधले काही कारागीर, म्हणजे विणकर, सुतार, शिंपी, कल्हईवाला वगैरे, राजाच्या लग्नात सादर करायला एक नाटक बसवत असतात. पाठ्यपुस्तकातला उतारा झाला की मी पूर्ण नाटकाची प्रत आणून या तालमीचे प्रवेश मुलांकडून करून घेते. विणकर बॉटमला सगळ्याच भूमिका स्वतः करायच्या असतात. भाता दुरुस्त करणाऱ्या फ्लूटला स्त्रीची भूमिका मिळते तेव्हा तो कुरकुरतो की मला तर दाढी फुटू लागली आहे. सिंहाची भूमिका मिळालेला स्नग म्हणतो की मला पाठांतर जमत नाही, आधी लिहून द्या. त्यावर त्याला सांगितले जाते की यात फक्त गर्जनाच करायची आहे, ती आयत्या वेळी कर. इथे वर्ग हसतो, आणि ते हसू माहीतगाराचे असते, कारण दशावतारात आख्यान ठरलेले असले तरी संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो आणि समोरच्याला पेचात पकडतो.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. पाचव्या अंकात हे कारागीर दरबारात आपले नाटक करतात आणि उमराव मंडळी त्यांची टिंगल करत बसतात. नाटक खरोखरच भोंगळ आहे, त्यामुळे वाचणारा सहज उमरावांच्या बाजूला जाऊन बसतो. आमच्या मुलांचे तसे होत नाही. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावतारी नटांबद्दलची म्हण त्यांना माहीत असते, त्यातल्या काहींचे काका-मामा दिवसा शेतात किंवा रिक्षावर आणि रात्री गदा घेऊन उभे असतात. त्यामुळे ‘शेक्सपिअर या गरीब माणसांना हसतो आहे, की त्यांना हसणाऱ्यांना हसतो आहे’ हा प्रश्न आमच्या वर्गात फार लवकर उपस्थित होतो. राणी हिपॉलिटा आधी हे सगळे निव्वळ वेडगळ म्हणते आणि थोड्या वेळाने मान्य करते की मला या माणसाची दया येते आहे. ती ओळ शोधून काढणारा मुलगा वार्षिक परीक्षेत इंग्रजीत जेमतेम उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी होता. दशावतार आणि शेक्सपिअर एकच, असे मात्र मी कधी म्हणत नाही. एकाच्या मुळाशी पुराणकथा आणि देवाचा उत्सव आहे, दुसरा तिकीट विकणारा व्यावसायिक धंदा होता, आणि हा फरक पुसला तर दोन्ही समजत नाहीत.

त्याच विभागात लेडी ग्रेगरी यांची ‘द रायझिंग ऑफ द मून’ ही छोटी एकांकिका आहे, बंदराच्या धक्क्यावर पिंपावर पाठीला पाठ लावून बसलेला पोलीस आणि फरारी क्रांतिकारक यांची. ती स्वतःच स्वतःला शिकवते; धक्का कसा असतो ते दाखवायला मुलांना दाराबाहेर नेले तरी पुरते.

परिचयाचा आधार सगळीकडे घेऊ नये, हे मी व्हर्जिनिया वुल्फच्या ‘द न्यू ड्रेस’ या कथेपाशी ठरवले आहे. श्रीमंतांच्या समारंभात आपला पिवळा रेशमी पोशाख चुकला, या एकाच जाणिवेत बुडत जाणारी मेबल वेअरिंग. बशीतून बाहेर पडू पाहणाऱ्या माशीसारखे आपण आहोत असे तिला वाटते. ‘तुम्ही लग्नाला साधा ड्रेस घालून गेलात तर कसे वाटेल’ असे विचारून कथा जवळ आणता येते, आणि तसे केले की ती लगेच ‘बाह्य सौंदर्यापेक्षा अंतरंग महत्त्वाचे’ या बोधात जाऊन पडते. वुल्फने असे काही म्हटलेले नाही. मेबलला हे तत्त्वज्ञान ठाऊक आहे आणि त्याने तिचे दुःख तिळभरही कमी होत नाही. तिथे मी लंडनची ती बैठकीची खोली परकीच राहू देते, वाक्ये सावकाश वाचते, आणि एक विचार अर्ध्यात सोडून दुसरा कुठे सुरू झाला तेवढे पेन्सिलीने खुणावायला सांगते. खुणा करून झाल्या की मुली फार बोलत नाहीत, पण वह्यांत पानेच्या पाने लिहितात.

आर्थर कॉनन डॉयलची ‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) ही शेरलॉक होम्सची कादंबरी मुलांना सगळ्यांत आवडते, आणि सगळ्यांत सांभाळून शिकवावी लागते तीच. रहस्य लंडनमध्ये उलगडते, पण त्याची मुळे १८५७च्या आग्र्यात आणि अंदमानच्या कैदी वसाहतीत आहेत. होम्सकडे मदत मागायला येणाऱ्या मेरी मॉर्स्टनचे वडील त्या वसाहतीतल्या पहाऱ्यावरचे अधिकारी होते. अंदमानातला टोंगा हे पात्र डॉयलने ज्या शब्दांत रंगवले आहे ते वाचताना साम्राज्यातल्या लेखकाची नजर उघडी पडते: माणसाला जवळजवळ जनावर करून टाकलेले आहे. उताऱ्यापुरते थांबले तर हा भाग टाळता येतो; मी तो टाळत नाही, आणि त्यासाठी आमच्याकडचाच नकाशा काढते. अंदमानच्या शिक्षेनंतर सावरकरांना १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवले होते. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेहून उचलून १८८६मध्ये रत्नागिरीला आणले आणि १९१६मध्ये तो तिथेच वारला. त्याचा राजवाडा सहलीत बहुतेकांनी पाहिलेला असतो. माणसांना त्यांच्या मुलखातून उपटून समुद्रापलीकडे नेऊन ठेवणारी व्यवस्था लंडनच्या वाचकाला फक्त खजिन्याच्या गोष्टीची पार्श्वभूमी वाटली, हे कळूनही मुलांना होम्स आवडतो. तो आवडू नये असा माझा हेतूही नाही. आवडत्या लेखकाच्या चुकीच्या नजरेबद्दल न रागावता बोलता येणे, एवढे जमले तरी पुष्कळ झाले.

मराठी भाषांतरांच्या बाबतीत आमचा किनारा भाग्यवान आहे. मालगुंडच्या केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट मराठीत आणले. देवगड तालुक्यात जन्मलेल्या विंदा करंदीकरांनी, जे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते, ‘राजा लिअर’ केला. वेंगुर्ल्याच्या मंगेश पाडगांवकरांनी ‘द टेम्पेस्ट’चे ‘वादळ’ केले. ही भाषांतरे मी मूळ वाचून झाल्यावरच हातात देते. आधी दिली तर ती गाइडची जागा घेतात. ‘टेम्पेस्ट’ अभ्यासक्रमात नाही, तरी त्याचा पहिला प्रवेश मी एखाद्या मोकळ्या तासिकेला घेते: जहाज वादळात सापडले आहे, उमराव डेकवर येऊन लुडबूड करत आहेत, आणि खलाशांचा मुकादम राजासमोरच त्यांना खाली जायला फर्मावतो, या लाटांना राजाच्या नावाचे काय पडले आहे असे विचारतो. मुलांना हा मुकादम अतिशय आवडतो. मग मूळ संवाद आणि पाडगांवकरांचा मराठी संवाद शेजारी ठेवून, तुम्ही असता तर हे मालवणीत कसे फर्मावले असते, ते लिहायला सांगते. जे निघते ते सगळेच इथे छापण्याजोगे नसते.

इब्सेनच्या ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’ (१८८२) या नाटकावर मात्र आमचा वर्ग दर वर्षी दुभंगतो. नॉर्वेतल्या एका किनारी गावात औषधी स्नानगृहे नुकतीच सुरू झाली आहेत आणि त्यांच्या जोरावर गावाचे दिवस पालटू लागले आहेत. डॉ. स्टॉकमन यांना आढळते की चामड्याच्या कारखान्यांच्या घाणीमुळे तिथले पाणी दूषित झाले आहे. त्यांचा सख्खा भाऊच गावाचा महापौर आहे. दुरुस्तीचा खर्च आणि बंद राहणारा हंगाम यांचा हिशेब तो मांडतो, वृत्तपत्र पाठिंबा काढून घेते, जाहीर सभेत डॉक्टरांना लोकशत्रू ठरवले जाते आणि घराच्या काचा फुटतात. पहिल्या वाचनात सगळा वर्ग डॉक्टरांच्या बाजूचा असतो. मग मी एकच विचारते की तारकर्लीच्या पाण्याबद्दल असा अहवाल दिवाळीच्या सुट्टीच्या पंधरा दिवस आधी आला, तर आपण काय करू?

तारकर्ली-देवबागच्या मुलांच्या घरी न्याहरी-निवासाच्या खोल्या असतात, भाऊ स्नॉर्केलिंगच्या होडीवर असतो, बँकेचा हप्ता असतो. ती मुले गप्प होतात, आणि नंतर त्यांच्यातलाच कोणी तरी म्हणतो की महापौर खोटे बोलतो हे खरे, पण तो जे आकडे सांगतो ते खोटे नाहीत. त्यावर खाडीकाठच्या मुलांचा आवाज चढतो, कारण सांडपाण्याने मासे मरून वर आले की काय होते ते त्यांनी पाहिलेले असते आणि त्या वेळी आकडे कोणी मांडले नव्हते. इब्सेनने दोन्ही बाजूंना सोपे ठेवलेले नाही. डॉक्टर खरे बोलतात, पण चौथ्या अंकातल्या सभेत ते बहुमताबद्दल, सामान्य माणसांबद्दल इतक्या तुच्छतेने बोलतात की त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या मुलांनाही संकोच वाटतो. शाळेत नागरिकशास्त्रात त्यांना लोकशाहीची महती शिकवलेली असते. ‘एकटा उभा राहणारा माणूस सर्वांत बलवान’ हे शेवटचे वाक्य फलकावर लिहिण्याजोगे आहे खरे, पण ते बोलणाऱ्याच्या घरात बायको आणि मुले आहेत, आणि त्यांच्या वाट्याची पुंजी सासऱ्याने त्याच स्नानगृहांच्या शेअर्समध्ये अडकवलेली आहे.

मला स्वतःला या नाटकात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कॅप्टन हॉर्स्टर. सभेसाठी गावात कोणी जागा देत नाही तेव्हा हा जहाजाचा कप्तान आपले घर देतो. त्याला राजकारणात रस नाही, तो भाषण करत नाही, डॉक्टरांशी तो सहमत आहे की नाही हेही स्पष्ट होत नाही. त्याचे म्हणणे एवढेच असावे की माणसाला बोलू दिले पाहिजे. त्यापायी मालक त्याला जहाजावरून काढून टाकतो. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न आलेला मी पाहिलेला नाही. उलट ॲस्लाक्सन हा छापखानेवाला, जो दर वाक्याला संयमाची शिकवण देतो आणि ऐन वेळी बहुमताकडे जातो, तो मुलांना लगेच ओळखता येतो. गावातल्या कोणकोणाची नावे त्याला चिकटतात ते मी ऐकले न ऐकलेसे करते.

यंदा सभेचा चौथा अंक पूर्ण वाचून घ्यायचा आहे, भूमिका वाटून, आणि उरलेल्या वर्गाने गावकरी होऊन मधे मधे ओरडायचे आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ते बसत नाही, म्हणून अर्थशास्त्राच्या सरांशी शनिवारची तासिका बदलून घेतली आहे; आपणही महापौरांचे आकडे तपासायला वर्गात येऊन बसू, असे सरांनी कबूल केले आहे.